चिठ्ठ्यांवर अक्षर कुणाचं?

उभा राहा. आधी तो लॅपटॉप मिट.

अमावास्येला दुपारी बारा वाजता पाईल कॅपच्या तळाचं शटरिंग, हे तूच लिहिलंस ना? अरे, कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोळ्याचं पोरही सांगेल. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्येला बाराच्या. ऐन उधाणाच्या भरतीत तू माणसांना जेट्टीखाली उतरवणार होतास! मुकादमाने नकार दिला म्हणून अनर्थ टळला. बार्ज मात्र दिवसभर भाडं खात उभी राहिली.

वर अहवालात कारण काय लिहिलंस? 'प्रतिकूल हवामान'. लाज वाटायला हवी. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं आगाऊ छापतो. समुद्राने आपलं वेळापत्रक कधीच सांगून ठेवलंय. तू उघडून पाहिलं नाहीस.

म्हणे 'लास्ट प्लॅनर' नियोजनपद्धत राबवतोय! ती घडवणाऱ्या ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९०च्या दशकात बांधकामं तपासली, तेव्हा आठवड्यासाठी ठरलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी पुरी होत होती. मजूर आळशी होते म्हणून नव्हे. कामं सोपवताना सळई आलीय का, नकाशा मंजूर आहे का, आधीच्या टोळीने जागा मोकळी केलीय का, हे कुणी पाहतच नव्हतं. शेवटचा नियोजक म्हणजे प्रत्यक्ष काम करवून घेणारा माणूस. तो कोण, हे वर्गात तीनदा सांगितलं होतं. तो तू नाहीस. तो मुकादम आहे, बार्जवरचा तांडेल आहे, पाण्यात उतरणाऱ्या डायव्हरांचा म्होरक्या आहे.

भिंतीवरच्या या रंगीत चिठ्ठ्या मी मघाशी एकेक करून वाचल्या. ज्याने त्याने आपल्या कामाचं वचन त्यांवर स्वतः लिहायचं असतं. चौऱ्याहत्तर चिठ्ठ्या, आणि अक्षर एकाच माणसाचं! रात्री एकट्याने बसून लिहिल्यास, सकाळी सगळ्यांना उभं करून वाचून दाखवल्यास, आणि ते 'हो साहेब' म्हणाले. ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला वचन म्हणतात का रे?

आणि पूर्ततेचे ९५ टक्के? न झालेली कामं यादीतून गाळून आणलेले. परीक्षेत कॉपी केली असतीस तर एक पेपर गेला असता. इथे त्या आकड्यावर विसंबून पुढची टोळी खाली उतरते.

आणि तुझं वेळापत्रक? जूनमध्ये पाऊस लागेल आणि उघड्या समुद्रात बार्ज ठेवता येणार नाही. तिथून मागे मोजत यायचं होतं. बार्ज निघायच्या आधी काय हवं, त्याच्या आधी काय हवं. तू आजपासून पुढे रेघा ओढत गेलास.

काढ सगळ्या चिठ्ठ्या. पाच वाजता सगळे इथे येतील, पेन त्यांच्या हातात दे. लिहिता येत नसेल त्याचं तू लिही, तो सांगेल तसं. तांडेल बोलायला लागला की मध्ये तोंड घालू नकोस. आणि परवा पहाटे सहाला, ओहोटीच्या वेळी, माझ्याबरोबर जेट्टीखाली यायचंय. गमबूट घालून ये.