रकान्यातलं शून्य

2010च्या मोसमात न्यूयॉर्क जेट्सच्या डॅरेल रेविसने प्रतिस्पर्ध्यांचा एकही पास हिरावून घेतला नाही. इंटरसेप्शनच्या रकान्यात त्याच्या नावापुढे शून्य होतं. तरीही त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ‘ऑल-प्रो’ संघात त्याची निवड झाली. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅकचं कर्तृत्व नेमकं कशात असतं, हे समजून घ्यायचं तर या शून्यापासूनच सुरुवात करायला हवी.

कॉर्नरबॅकचं काम सांगायला सोपं आहे: समोरच्या रिसीव्हरला चेंडू मिळू द्यायचा नाही. पण रिसीव्हर कुठे पळणार, कुठे वळणार हे आधीच ठरलेलं असतं. कॉर्नरबॅकला ते पावलागणिक ओळखावं लागतं आणि तेही बऱ्याचदा उलटं धावत. पहिल्या पाच यार्डांनंतर रिसीव्हरला अडवून धरायलाही नियमाने बंदी. रिसीव्हर खांद्याने, नजरेने हुलकावणी देतो. म्हणून लक्ष ठेवायचं ते त्याच्या कमरेवर, कारण कंबर खोटं बोलत नाही. रेविस सुरुवातीच्या रेषेवरच रिसीव्हरच्या छातीला भिडायचा आणि मग त्याला साइडलाइनकडे रेटत न्यायचा. हळूहळू पास फेकणारे क्वार्टरबॅक त्या बाजूला चेंडू फेकायलाच कचरू लागले. मैदानाच्या त्या पट्ट्याला लोक ‘रेविस आयलंड’ म्हणू लागले.

मात्र जे घडलंच नाही, ते मोजायचं कसं?

2009मध्ये रँडी मॉस, आंद्रे जॉन्सन अशा दिग्गज रिसीव्हरांना रेविसने जखडून ठेवलं. त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळाला तो 9 इंटरसेप्शन करणाऱ्या चार्ल्स वूडसनला. वूडसन थोर खेळाडू होता, यात शंका नाही. पण डोळ्यांना दिसणाऱ्या कामाचं पारडं असं नेहमीच जड राहतं.

रेविसने हे वेळीच ओळखलं आणि आपल्या कामाची किंमत स्वतःच ठरवली. 2010मध्ये नवा करार होईपर्यंत तो सराव शिबिराकडे फिरकलाच नाही. अखेर चार वर्षांसाठी 4 कोटी 60 लाख डॉलर ठरले. त्याला पैशाचा लोभी म्हणणारे पुष्कळ होते. पण सप्टेंबर 2012मध्ये मायामीविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि उरलेला मोसम हातचा गेला. पुढच्याच वर्षी जेट्सने त्याला टॅम्पा बेकडे धाडलं आणि टॅम्पानेही एका मोसमानंतर करारातून मोकळं केलं. ज्या धंद्यात संघ इतक्या सहज हात झटकतात, तिथे खेळाडूने आपला हिशेब चोख ठेवला, यात गैर काहीच नव्हतं.

2014च्या मोसमात न्यू इंग्लंडकडून तो सुपर बोल जिंकला. 2018मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच्या नावावर 29 इंटरसेप्शन आहेत; पॉल क्राउसचा विक्रम आहे 81चा. तरीही 2023मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, रेविसला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.