पूऑनच्या वळणावर दोन हात

बसा.

खुर्ची जरा पुढे ओढा. खोलीतला मोठा दिवा बंदच असू द्या. पडद्याचा उजेड पुरतो.

पडद्यावर बेल्जियम आहे. आर्देनचं जंगल, पावसाने काळवंडलेलं आभाळ, आणि झाडांमधून गेलेला रस्ता. स्पा-फ्रँकोर्शां. शर्यतींचा रस्ता, एक फेरी 7 किलोमीटरची.

शर्यत सुरू व्हायला अजून वेळ आहे. वीसेक गाड्या रांगेत उभ्या आहेत. कुणी पोलंडमधून आलंय, कुणी ब्राझीलमधून, कुणी नाशिकमधून. कुणाच्या हातात काय आहे, ते कुणालाच दिसत नाही.

दुसऱ्यांचे हात राहू द्या. आपले बघूया.

कंट्रोलर उचला. घरातले त्याला रिमोट म्हणत असतील. म्हणू द्या.

डोळे मिटा. त्याचं वजन तळहातांवर येऊ द्या. पाव किलोहून थोडं जास्त. डावा अंगठा आपणहून स्टिकवर जातो. दोन्ही तर्जन्या मागच्या ट्रिगरवर टेकतात. उजवीकडे वेग, डावीकडे ब्रेक.

स्टिक हळूच डावीकडे ढकला.

सोडा.

ती मध्ये परत येते. पुन्हा ढकला, पुन्हा सोडा. आत एक स्प्रिंग आहे, आणि ती दर वेळी तेवढ्याच जोराने ओढते. गाडी उभी असो की ताशी दोनशेने पळत असो, ओढ तीच. स्प्रिंगला गाडीची खबरच नाही.

हे नीट जाणवेपर्यंत थांबा. घाई नाही.

आता डोळे उघडा. शर्यत बाजूला ठेवून आपण एकाच वळणावर जाऊ. पूऑन.

रस्ता उतारावरून खाली येतो आणि डावीकडे वळू लागतो. वळतो, आणि वळतच राहतो. वळणाच्या पोटात आणखी एक वळण आहे. वेग मोठा आहे. संपलं असं वाटतं तिथे ते संपत नाही.

ब्रेकचा ट्रिगर किंचित दाबला जातो. अंगठा डावीकडे सरकतो. पडद्यावरचं जंगल उजवीकडे वाहू लागतं.

इथेच राहूया.

अंगठ्याखाली जागा किती आहे? मध्यापासून टोकापर्यंत काही मिलिमीटर. सगळं पूऑन त्या इवल्या जागेत बसवायचं आहे.

अंगठा थरथरतोय का? बघा. थरथरत असेल तर थरथरू द्या.

गाडी मात्र थरथरत नाही.

मध्ये कुणीतरी आहे म्हणून. अंगठा जे सांगतो ते गेम चाकांपर्यंत जसंच्या तसं नेत नाही. बारीक धक्के तो गाळून टाकतो. हालचाल संथ करतो. वेग वाढला की पुढची चाकं फार वळू देत नाही, अंगठा टोकाला टेकलेला असला तरी. बहुतेक शर्यतींच्या गेममध्ये ही व्यवस्था असते. ती काढून घेतली, तर सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी नागमोडी जाईल.

या मदतीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. कंट्रोलरवाल्यांना फुकटची साथ मिळते, असं त्यांचं म्हणणं. ते भांडण आज दाराबाहेर.

श्वास घ्या.

आता उलट दिशेने ऐका. अंगठ्याकडून गाडीकडे काय जातं ते पाहिलं. गाडीकडून हाताकडे काय येतं?

एक गुरगुर येते. बहुतेक कंट्रोलरच्या दोन्ही मुठींत एकेक छोटी मोटर असते, आणि तिच्यावर मुद्दाम एका बाजूला झुकवलेलं वजन. एका मुठीत जड, दुसरीत हलकं. सोनीच्या 1997 च्या ड्युअलशॉकपासून ही जोडी आपल्या हातात आहे. 2013 च्या एक्सबॉक्स वनने ट्रिगरमध्येही थरथर आणली. 2020 च्या ड्युअलसेन्समध्ये ट्रिगर स्वतःच घट्ट होतो. ग्रान टुरिस्मो 7 मध्ये ब्रेक जास्त दाबला, तर बोटाखाली एबीएसची टकटक लागते.

ती टकटक बोटात राहू द्या.

गुरगुर सांगते की काहीतरी होतंय. कडेचे लाल-पिवळे दगड लागले, टायर घसरला. पुढचं चाक कुठल्या बाजूला ओढतंय आणि किती, ते तिच्यात नसतं. ते डोळ्यांनी बघावं लागतं, कानांनी ऐकावं लागतं. कंट्रोलरवर चांगलं खेळणाऱ्याचे कान फार तीक्ष्ण असतात, ही माझी नेहमीची नोंद. टायरचं किंचाळणं तो स्वराच्या चढ-उतारावरून ओळखतो.

ऐका. पूऑनमधला टायरचा आवाज.

पुरे.

कंट्रोलर बाजूला ठेवा. टेबलाच्या कडेला एक स्टिअरिंग व्हील घट्ट आवळलेलं आहे. नसेल, तर आहे असं समजा.

दोन्ही हात त्याच्यावर ठेवा. घड्याळात नऊ आणि तीन असतात, तिथे. कड थोडी गार लागते. खांदे उचललेले असतील तर खाली सोडा. कोपर सैल.

खाली पाय आहेत. इतका वेळ ते नुसते बसून होते. आता तळवे पेडलवर येतात. उजव्या पायाखाली वेग, डाव्याखाली ब्रेक. काही चांगल्या पेडलमधला ब्रेक तुम्ही किती खाली गेलात ते मोजतच नाही, किती जोर लावलात ते मोजतो. पोटरी घट्ट होते. ती जाणवू द्या.

गाडी उभी आहे. व्हील डावीकडे फिरवा. फिरवत राहा. लॉजिटेकचं 2015 चं जी29 एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 900 अंश फिरतं. अडीच फेरे. मघाचे काही मिलिमीटर आठवतात? आता अख्खा दंड चाललाय.

मध्ये आणा. हात तसेच ठेवा.

चला, पूऑन.

उतार. डाव्या पायाचा हलका दाब. हात डावीकडे वळतात, आणि वळताना व्हील जड होत जातं.

हे जडपण काय आहे? त्याच्यासोबत थोडा वेळ थांबा.

टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढ्या जागेत. वळणात त्या जागेतलं रबर मुरडतं. मुरडलेलं रबर रस्त्याला धरून ठेवतं, आणि त्याचा जोर टायरच्या मध्याच्या किंचित मागे पडतो. मागे पडतो म्हणून चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. ती सरळ होण्याची ओढ स्टिअरिंगच्या दांड्यातून वर येते. खऱ्या गाडीत तसंच, आणि इथेही. गेम ती ओढ हिशेबाने काढतो आणि व्हीलमागची मोटर ती तुमच्या हाताला देते.

म्हणजे तुम्ही जे धरून ठेवलंय ते रबराचं मुरडणं आहे.

धरा. ओढू नका. त्याला ओढू द्या.

वेग थोडा वाढवा. अगदी थोडा. व्हील आणखी जड होतं. आणखी. हात ते पेलतात. आणि मग, गाडी अजून रस्त्यावर पक्की असताना, पडद्यावर काहीच बदललेलं नसताना, व्हील हलकं होतं.

थांबा. इथे थांबा.

हा हलकेपणा पुन्हा अनुभवा. संक्रांतीला गच्चीवर उभं असताना हातातला मांजा अचानक सैल पडतो, आणि पतंग कटल्याचं डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. तेच इथे होतं. फरक एवढा, की इथे पतंग अजून कटलेला नाही.

टायरची पकड कळसाला पोचण्याआधीच तो मागे पडणारा जोर मध्याकडे सरकू लागतो. म्हणून सरळ होण्याची ओढ आधी उतरते, पकड नंतर सुटते. या दोहोंमध्ये एक छोटीशी फट आहे. व्हील वापरणाऱ्याला मिळतं ते या फटीत मिळतं.

पुन्हा या वळणात या. जड. जड. हलकं.

हात काही करत नाहीत. नुसते ऐकतात.

कधी मागची बाजू सुटते. तेव्हा व्हील स्वतःच उलट्या दिशेने फिरू लागतं, सरकत्या गाडीच्या मागे जाऊ पाहतं. मुठी आवळू नका. तळहातांमधून त्याला धावू द्या, आणि योग्य जागी धरा. कंट्रोलरची स्टिक सोडली की ती फक्त मध्ये येते. उलटं वळण अंगठ्याला स्वतः द्यावं लागतं. अंगठा मात्र या कामात भलता चपळ असतो, कारण त्याला जायचं असतं नखभर अंतर आणि हातांना जायचा असतो अर्धा फेरा.

श्वास सोडा.

आता शेजारी बघा. उजव्या आरशात एक निळी गाडी आहे.

ती खरंच तिथे आहे का?

ती कुठल्यातरी दूरच्या घरात चाललेली आहे. तिची जागा सर्व्हरमार्गे तुमच्यापर्यंत येते, समुद्राखालच्या तारांमधून. पुण्यात बसून युरोपातल्या सर्व्हरवर खेळलात, तर जाण्यायेण्यात शंभराहून जास्त मिलिसेकंद जातात. ताशी 216 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 60 मीटर. सेकंदाच्या दहाव्या भागात 6 मीटर. गाडीच्या लांबीहून जास्त. एक निरोप आणि दुसरा निरोप यांच्यामधली जागा तुमचा गेम अंदाजाने भरतो. निळी गाडी थोडी जुनी आहे, आणि थोडी अंदाजाची.

तुमचा टायर मात्र इथेच आहे. त्याचा हिशेब तुमच्या टेबलाखालच्या यंत्रात होतो. तो समुद्र ओलांडून येत नाही. हाताला लागणारी ओढ जवळजवळ आत्ताची आहे.

या पडद्यावर आत्ताचं फार थोडं आहे. त्यातलं सगळ्यात आत्ताचं तुमच्या हातात आहे.

ते धरून बसा. काही क्षण.

व्हील नवी गोष्ट वाटते, पण अंगठ्याच्या आधी तेच होतं. अटारीच्या 1974 च्या ग्रान ट्रॅक 10 या यंत्राला स्टिअरिंग होतं, पेडल होती, गिअरची दांडी होती. गाडी वरून दिसायची, ठिपक्याएवढी. स्टिअरिंग मुकं होतं. 1989 च्या हार्ड ड्रायव्हिनचं स्टिअरिंग मागे ओढू लागलं. आणि 1995 मध्ये नामकोने नेगकॉन नावाचा एक विलक्षण कंट्रोलर काढला. तो मधोमध पिळता यायचा. दोन्ही मनगटं उलटसुलट पिळायची आणि गाडी वळायची. मला तो अजूनही फार आवडतो. अंगठा आणि दंड यांच्यामधली वाट त्याने शोधली होती, आणि पुढे त्या वाटेने फारसं कुणी गेलं नाही.

मनगटं हलकेच पिळून बघा. रिकाम्या हातांनी.

सोडा.

व्हीलचे त्रासही जाणवू द्या. टेबल करकरतं. दातेरी गिअरवर चालणारं व्हील रात्री खडखडतं, पलीकडच्या खोलीत कुणी झोपलेलं असेल तर उठतं. तासाभराने दंड भरून येतात. आणि कंट्रोलरवर वर्षानुवर्षं खेळलेला माणूस व्हीलवर पहिले काही आठवडे हमखास मागे पडतो. वेगासाठी व्हील आणणाऱ्याची तेव्हा निराशा होते.

त्या निराशेत तो बहुतेक वेळा एक गोष्ट करतो. मोटरचा जोर वाढवतो.

इथे शेवटचं एकदा थांबूया.

जी29ची मोटर सुमारे 2 न्यूटन-मीटर जोर देते. डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलमध्ये स्टिअरिंगचं कडं थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, आणि तिथे हा आकडा 5, 8, काहींत वीसच्या पुढे जातो. मोटर कितीही मोठी असली तरी तिला एक छत आहे. जोर फार चढवून ठेवला, की पूऑनमध्ये शिरतानाच ती त्या छताला जाऊन चिकटते. मग जड आणि त्याहून जड यांत फरक राहत नाही. हात झुंजत राहतात, आणि मधली ती फट पूर्ण बुजते.

जास्त जोर, आणि कमी ऐकू येणं.

म्हणून आज रात्री कुणाशी स्पर्धा लावू नका. व्हील असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन गेनचा, म्हणजे मोटरच्या जोराचा, आकडा थोडा खाली आणा, आणि स्पावर एकट्याने दोन-चार फेऱ्या मारा. कंट्रोलर असेल, आणि बॅटरी वाचवायला त्याची थरथर बंद करून ठेवली असेल, तर ती चालू करा आणि हेडफोन लावा. व्हील विकत घ्यायचं की नाही, ते पूऑनमधून तसे काही वेळा गेल्यावर ठरवा.