राणीसाठी रडताना

दिवाळीच्या सुट्टीत नांदूरघाटला घरी मोबाईलवर ‘द क्राउन’ बघत होतो. ६ फेब्रुवारी १९५२. एलिझाबेथ केनियात आणि तिकडे इंग्लंडमध्ये तिचे वडील, राजे सहावे जॉर्ज, झोपेतच गेलेले. तिला ते कळतं तेव्हा माझे डोळे भरून आले. शेजारी वाती वळत बसलेल्या आजीनं विचारलं, “कोण गेलं रे?”

“इंग्लंडचा राजा.”

“मग तू कामून रडायलास?”

कारण होतं. आजोबा गेले तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. गावी पोचेपर्यंत सरण विझत आलं होतं. त्या क्षणी मला राणी दिसलीच नाही. माझ्यासारखाच उशीर झालेली एक मुलगी दिसली.

भागाच्या शेवटी एलिझाबेथची आजी तिच्यापुढे गुडघ्यात वाकते. “आजीनं नातीपुढं वाकायचं? कसलं घर म्हणायचं हे!” आजी म्हणाली.

मला मात्र पुणे आठवलं. २२ जून १८९७. एलिझाबेथची खापरपणजी व्हिक्टोरिया गादीवर बसल्याला साठ वर्षं झाली, म्हणून गणेशखिंडीत, आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, सोहळा होता. प्लेगच्या तपासणीच्या नावाखाली गोरे सोजीर पुणेकरांच्या देवघरापर्यंत घुसून गेले होते. त्या रात्री सोहळ्याहून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. तिघे भाऊ फासावर गेले. त्या तारखेच्याच नावाचा मराठी सिनेमा १९७९मध्ये आला. ऑफिसला जाताना मी त्याच रस्त्यानं जातो.

आमचं गाव तर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. मी आजीला विचारलं, “उद्या निजामाच्या एकटेपणावर अशीच मालिका आली तर बघशील?”

तिचा हात थांबला. रझाकारांच्या भीतीनं रात्र रात्र शेतात लपल्याच्या गोष्टी ती तिच्या आईकडून ऐकत वाढली आहे. “त्याचं त्यानं रडावं,” ती म्हणाली.

कॅमेरा महालात असला की आपला जीवही महालात अडकतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बाप गेल्याचं दुःख राणीलाही होतंच. पण डोळे पुसताना मी नकळत त्या घराण्याला माफही करून टाकत होतो. ते माझ्या हातात नाही. ज्यांच्या देवघरात बूट शिरले, माफ करायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं.

मी मोबाईल बाजूला ठेवला. आजीनं नवी वात वळायला घेतली.

“पुढचं लाव की,” ती म्हणाली. “त्या पोरीचं काय झालं, बघू तरी.”