'फॉरेस्ट', 'वन' आणि 'जंगल' : उसन्या शब्दाची नैतिकता

परभाषेतून आलेल्या शब्दांची चर्चा मराठीत बहुधा दोन टोकांवरून होत आली आहे. भाषाशुद्धीचा पक्ष त्यांना आक्रमण मानतो. समृद्धीचा पक्ष त्यांचे स्वागत करतो. दोन्ही पक्ष शब्दाच्या रूपाकडे पाहतात. शब्दाबरोबर एखादा निर्णयही उसना येतो काय, आणि येत असल्यास त्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न मात्र अलक्षित राहतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत, म्हणजे झाडीपट्टीच्या मुलखात, नित्य वापरात असलेला 'फॉरेस्ट' हा शब्द या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे.

हा शब्द इंग्रजीला फ्रेंचने दिला आणि फ्रेंचला तो मध्ययुगीन लॅटिनमधून मिळाला. सातव्या शतकापासून फ्रँक राजांच्या दस्तऐवजांत 'फोरेस्टिस' आढळतो. त्याची एक व्युत्पत्ती 'फोरिस' म्हणजे 'बाहेर' या शब्दाशी, तर दुसरी 'फोरम' म्हणजे न्यायसभेशी जोडली जाते. विद्वानांत याविषयी मतभेद असला, तरी दोन्ही व्युत्पत्तींत झाडाचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. राजाने स्वतःसाठी राखलेली आणि म्हणून सामान्य वहिवाटीच्या बाहेर गेलेली भूमी, असा या संज्ञेचा मूळ रोख आहे. १०६६ नंतर नॉर्मन राजांबरोबर ती इंग्लंडमध्ये आली, तीही कायद्याची संज्ञा म्हणूनच. शिकारीसाठी राखलेल्या या क्षेत्रांत माळ होते, दलदली होत्या, गावेही होती. १२१७च्या 'फॉरेस्टच्या सनदे'ने तेथील लोकांचे चराईसारखे काही हक्क मान्य केले. स्कॉटलंडमधील हरणांच्या शिकारीच्या उघड्या डोंगरांना आजही 'फॉरेस्ट' म्हणतात.

इतर भाषांत या शब्दाने निरनिराळी वळणे घेतली. जर्मनमध्ये 'वाल्ड' हे साधे रान, तर 'फोर्स्ट' हे हिशेबात धरलेले, मशागतीखालचे रान. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत त्यात फुलाचा वाचक शब्द मिसळून 'फ्लोरेस्ता' हे रूप झाले. तेथे लोकव्युत्पत्तीने राजाला दूर सारून फुलाला आत घेतले. इटालियनमधील 'फॉरेस्तिएरो' म्हणजे परका मनुष्य, हा शब्द मात्र 'बाहेर'चा अर्थ अद्याप सांभाळून आहे.

नेमका उलट प्रवास 'जंगल'चा. आयुर्वेदात 'जांगल' हा कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. पाणथळ 'आनूप' देश त्याच्या विरुद्ध. देशी भाषांत 'जंगल'ला रानाचा अर्थ मिळाला. तो इंग्रजीने उचलला, इंग्रजीकडून फ्रेंचने घेतला, आणि तेथे त्याला बेबंद, नियमाबाहेरच्या स्थितीचा अर्थ चिकटला. आपण त्यांच्याकडून नियमाचा शब्द घेतला आणि त्यांनी आपल्याकडून नियमाबाहेरचा, हा देवाणघेवाणीचा व्यवहार सत्तासंबंधांवेगळा समजून घेता येत नाही.

भारतातील वनप्रशासनाची उभारणी याच परंपरेत झाली. १८६४ मध्ये पहिले महानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रांडिस जर्मन होते. पुढे काही वर्षे येथील अधिकारी फ्रान्समधील नान्सीच्या विद्यालयात शिकून येत. १८७८च्या कायद्याने 'राखीव' आणि 'संरक्षित' हे वर्ग पक्के केले. १९२७च्या कायद्यात 'झाड' म्हणजे काय याची व्याख्या आहे, 'फॉरेस्ट'ची नाही. सत्तेने ज्याला 'फॉरेस्ट' म्हणावे ते फॉरेस्ट, अशी ही मूळ फ्रँक रीत.

या पार्श्वभूमीवर झाडीपट्टीतील बोलण्याकडे पाहावे. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला माणसे 'जंगलात' जातात. 'फॉरेस्टमध्ये' जाते ती जागा. 'फॉरेस्टवाले' येतात, 'जंगलवाले' येत नाहीत. बोलणाऱ्यांनी उसना शब्द घेतला, पण तो केवळ खात्यापुरता आणि हद्दीपुरता. शासकीय मराठीने मात्र 'फॉरेस्ट'साठी 'वन' हा प्रतिशब्द स्वीकारला. ऋषींच्या आश्रमांचा आणि रामाच्या वनवासाचा संस्कार असलेला हा शब्द राखीव हद्दीवर बसला, आणि त्यामुळे त्या हद्दीचा इतिहास झाकला गेला. शुद्ध शब्दाने येथे सत्य लपवले. उसन्या शब्दाने ते उघडे ठेवले.

यावर आक्षेप घेता येईल की, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्द आपल्या जन्मखुणेला कायमचा बांधलेला नसतो. तत्त्वतः हे मान्यच करावे लागते. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'फॉरेस्ट'चा अर्थ शब्दकोशानुसार घ्यावा, मालकी कोणाचीही असो, असे सांगितले, ते राने वाचवण्याच्या हेतूने. परंतु त्याच आदेशाने सरकारी दप्तरातील नोंदही प्रमाण मानली. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पूर्व विदर्भातील सुमारे ८६ हजार हेक्टर 'झुडपी जंगल' त्या आदेशाच्या आधारे 'फॉरेस्ट' ठरवले. गुरे चारण्याच्या, खुरट्या झुडपांच्या या जमिनी स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांच्या पंक्तीला जाऊन बसल्या. हेतू रक्षणाचा असला, तरी दप्तरातल्या शब्दाने भूमीचे स्वरूप ठरवण्याची रीत टिकून राहिली. म्हणजे जन्मखूण आपोआप पुसली जात नाही. ती कोणीतरी पुसावी लागते.

तसा प्रयत्न गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने केला. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूचा वाद उरला. नव्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज होते, १९२७च्या कायद्यात ते 'झाड' होते. त्यामुळे हक्क मिळूनही विक्रीसाठी वाहतूक परवान्याची अडचण राहिली. एप्रिल २०११ मध्ये परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. १९२७च्या कायद्यातील 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. एका व्याख्येपायी एका गावाची उपजीविका अडते, तेव्हा अर्थनिर्णय हा निव्वळ भाषाशास्त्रीय प्रश्न राहत नाही.

यावरून असे म्हणता येईल की, उसना शब्द घेण्यात पाप नाही आणि त्याला देशी वस्त्र नेसवण्यात पुण्यही नाही. शब्दाचा अर्थ ठरवताना त्या अर्थाखाली राहणाऱ्यांना आत घेतले की बाहेर ठेवले, ही त्याच्या नैतिकतेची कसोटी होय. 'फॉरेस्ट' या शब्दाला 'बाहेर'ची सवय तेराशे वर्षांची आहे. त्याचा मराठी पर्याय शोधणाऱ्यांनी ही सवय मोडते की नुसती झाकली जाते, याचा विचार आधी करावयास हवा.