घट दिसत नाही, म्हणून नाही?

जमिनीवर घट दिसत नाही. तेवढ्यावरून ‘इथे घट नाही’ असे म्हणता येईल? सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी न दिसण्यालाही प्रमाण मानले. त्यांच्या पंथाच्या मीमांसकांची ती अनुपलब्धी. मात्र तिला एक अट आहे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीच्या दारात उभे राहून घटाचा अभाव सांगता येत नाही.

युनिप्रॉट हा प्रथिनांचा जागतिक कोश चालवणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. या कोशातल्या प्रत्येक नोंदीला १ ते ५ गुण असतात. प्रथिन काय काम करते, पेशीत कुठे असते, कशाला चिकटते, याची माहिती जितकी भरलेली तितके गुण अधिक. प्रयोगाने सिद्ध झालेल्या माहितीचे वजन जास्त, नात्यातल्या दुसऱ्या प्रथिनावरून केलेल्या अनुमानाचे कमी. प्रत्यक्ष आधी, अनुमान नंतर मानणाऱ्या नैयायिकांना ही उतरंड ओळखीची वाटली असती.

पण भरलेपण म्हणजे खरेपण नव्हे. युनिप्रॉट स्वतःच तसे बजावते: हे गुण अचूकतेचे नाहीत, कारण एखाद्या प्रथिनाची ‘बरोबर’ नोंद कोणती, हेच ठरवता येत नाही. एवढा प्रांजळपणा मोठमोठ्या दर्शनग्रंथांतही विरळा.

पी५३ हे प्रथिन पाहावे. आज त्याला पाचपैकी पाच गुण आहेत. ते १९७९ मध्ये सापडले आणि कित्येक वर्षे कर्करोगाला हातभार लावणारे समजले गेले. १९८६ मध्ये अमोस बैरोक यांनी जिनिव्हात स्विस-प्रॉट हा आज युनिप्रॉटचा भाग असलेला कोश सुरू केला, तेव्हाही समज तीच होती. प्रयोग खरे होते, पण प्रयोगशाळांत वापरल्या गेलेल्या जनुकाच्या प्रतींत मुळातच बिघाड होता. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला: धडधाकट पी५३ गाठीची वाढ रोखते. प्रत्यक्षही फसले होते.

आणि एकच गुण मिळालेली नोंद? ते प्रथिन बिनकामाचे, असा अर्थ काढणे म्हणजे अंधारातला घट नाकारणे. कोट्यवधी नोंदी संगणकानेच भरल्या आहेत. माणसाची नजर त्यांवर पडलेली नाही.

‘जीन ऑन्टोलॉजी’ या वर्गीकरणात याची फार सुंदर काळजी घेतली आहे. तिथे कोरी जागा वेगळी, ‘शोधले, पण माहिती मिळाली नाही’ ही खूण वेगळी आणि ‘हे काम हे प्रथिन करत नाही’ हा शेरा त्याहून वेगळा. हा शेवटचा शेरा पुराव्याशिवाय लागत नाही, आणि असे शेरे एकूण नोंदींच्या मानाने फारच थोडे आहेत.