शेजाऱ्याला नको, कंपनीला चालेल

पोरगं एका जागी बसत नाही, वही अर्धवट टाकतं, शाळेतून तक्रारी येतात. तरी सिन्नरच्या पालकांना नाशिकचा मनोविकारतज्ज्ञ लांब वाटतो, आणि ते काही तीसेक किलोमीटरमुळे नाही. मुसळगावच्या कारखान्यात सोबत पाळी करणाऱ्याच्या कानावर गेलं तर, ही खरी धास्ती. म्हणून ‘एकाग्रता वाढवणारा गेम’ मोबाइलवरच मिळतो म्हटलं की हायसं वाटतं. कुठे जायला नको, कुणाला सांगायला नको.

मला खोट दिसते ती या हायसं वाटण्यातच.

आधी गुण येतो का ते पाहू. अशा खेळांना वजन आलं ते अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने जून २०२०मध्ये ‘एंडेव्हरआरएक्स’ या गेमला परवानगी दिल्यावर. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. मुख्य चाचणीत ३४८ मुलं होती. रोज साधारण २५ मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, चार आठवडे. अवधान मोजणाऱ्या संगणकीय परीक्षेत ही मुलं पुढे गेली. पालकांना दिसलेली सुधारणा मात्र तुलनेसाठी साधा शब्दखेळ दिलेल्या मुलांतही जवळपास तेवढीच होती. पडद्यावरचं लक्ष सुधारलं. डबा शाळेत विसरून येणं थांबलं का, ते सिद्ध झालं नाही.

मग निदान अपाय तरी नाही, असं म्हणून सोडून द्यावं? गोळीला मुलाविषयी काही कळत नाही. खेळाला कळतं, कळावंच लागतं. बोट किती उशिरा हललं, पोर कुठे कंटाळलं, यावरूनच तो पुढचा टप्पा अवघड-सोपा करतो. नोंद ठेवणं हा उपचाराचाच भाग. ती नोंद पुढे कुठे जाते? ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ने ग्राहकांची नाजूक माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली, असा आरोप अमेरिकेत झाला. २०२३मध्ये ७८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं.

आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. पालकांची पडताळता येईल अशी संमतीही हवी. २०२५च्या नियमांनी दवाखान्यांना आरोग्यरक्षणापुरती सूट दिली, ती रास्तच. पण चिठ्ठीविना उतरवलेला गेम कुठल्या खात्यात धरायचा? जाहिरातीत उपचार, अडचण आली की मनोरंजन! आणि संमती म्हणाल तर मोबाइल वडिलांचा, अटी इंग्रजीत, आईचे हात पिठात. ‘सहमत’वर बोट पोराचंच पडतं, आणि तेवढ्यापुरतं त्याचं लक्ष मुळीच ढळत नाही.

खरं तर एडीएचडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत आहे, आणि २०१३मध्ये तो सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून. शाळेत पथक येतं, गरज वाटली तर मुलाला पुढे पाठवतं. त्यात रांग आली, कागद आले, ओळखीचं कुणी भेटणंही आलं. पण माझ्या मुलाचा कागद कुणी पाहिला, असं तिथल्या माणसाला तोंडावर विचारता येतं. गेमच्या कंपनीला हेच विचारायचं तर आधी ईमेलचा पत्ता शोधावा लागतो, आणि उत्तर आलंच तर बहुधा यंत्राने धाडलेलं असतं.