न पुसणारा टॉवेल

टॉवेल पुसण्यासाठी असतो, हे सांगायला तत्त्ववेत्ता लागत नाही. ओले हात पुरतात. पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला जाऊन वसलेल्या जर्मन शेतकऱ्यांची तऱ्हाच न्यारी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत त्यांच्या घरात दारावर एक लांबलचक टॉवेल टांगलेला असे, आणि त्याला हात पुसायची कुणाची छाती होत नसे.

कापड अळशीच्या सुताचं. सूत कातायचं, विणायचं, आणि एवढं झाल्यावर त्यातलेच उभे-आडवे धागे मोजून उपसून काढायचे! उरलेली जाळी सुईने बांधून घ्यायची, तिच्या भोकांतून पक्षी, फुलं, हरणं भरायची. वर लाल-निळ्या फुल्यांच्या टाक्यांनी मुलीचं नाव आणि साल. खाली झालर. काहींवर तर नुसती सात जर्मन अक्षरं. त्यांचा अर्थ असा की, बाबा रे, आपल्या अंताचा विचार कर. ओले हात घेऊन येणाऱ्याला याहून स्पष्ट सूचना ती कोणती द्यायची?

आमचे एक स्नेही बँकेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. मी पुस्तकातला फोटो दाखवला तर म्हणाले, "शुद्ध अपव्यय! धडधाकट कापडाला भोकं पाडायची आणि वर ते वापरायचं नाही."

चहा घेऊन आलेली आमची सौ. तिथेच थबकली. "अहो भाऊजी, तिने भाजलेला पाव लोकांनी खाल्ला, धुतलेले कपडे पुन्हा मळले, साधे टॉवेल पुसून पुसून फाटले. तिच्या हातचं उरलं काय?"

मी विचार करू लागलो. इमानेइतबारे हात पुसणारे ते टॉवेल चिंध्या होऊन गेले. जो नुसता लटकत राहिला, तो आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात मानाने आहे. कष्टाळू टॉवेलांवर हा अन्यायच. पण आपलं नाव टिकावं म्हणून बाईला एक टॉवेल कामातून सोडवावा लागला, यातला अन्याय मोठा की लहान? जन्मभर उपयोगी पडणाऱ्या माणसाला एक निरुपयोगी गोष्ट करण्याचा हक्क असावा, असं मला वाटतं.

हिशेबनिसांना ते पटेना. तेव्हा मी एवढंच विचारलं, "तुमच्या दारावर पितळी पाटी आहे, नाव कोरलेली. तिने तुम्ही काय पुसता?"